ज्वालामुखीची आगोट

माझ्या आनंदामामाला अमेरिकेतल्या ज्वालामुखीची भीती वाटते. पनवेलच्या पुढे, आमच्या गावाच्या डोक्यावर, त्याची स्वतःची दगडखाण आहे आणि खडी फोडायचा क्रशर आहे. सुरुंग लागला की आमच्या मांडणीतली भांडी वाजतात. क्रशर सुरू झाला की दारातली चिंच पांढरी, दोरीवरचे कपडे पांढरे, देव्हाऱ्यातला खंडोबासुद्धा पांढरा. त्याचं मामाला काही वाटत नाही. त्याची झोप उडवली त्या अमेरिकेतल्या यलोस्टोनने.

कुणीतरी त्याला व्हिडिओ पाठवला, मग त्याने तसले पन्नास पाहिले. "तो फुटनार हाय," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, जसं काही ज्वालामुखीने त्यालाच फोन करून कळवलं होतं. "आख्ख्या जगावर राख पडंल. दोन-दोन वर्सं सूर्य दिसनार नाय. आनि ती राख छातीत गेली का मानूस खलास." मी नवीन पनवेलला शाळेत भूगोल शिकवते. मी म्हटलं, "मामा, तिथले शास्त्रज्ञ सांगतायत की इतक्यात असलं काही होण्याची शक्यता नसल्यात जमा आहे." मामा म्हणाला, "ते तसंच सांगनार. लोकांनी घाबरू नये म्हनून." गाढवापुढे वाचली गीता.

पण राख छातीत गेली की माणूस खलास, हे त्याने माझ्या आईसमोर सांगावं? माझे बाबा, काळूराम, जन्मभर याच मामाच्या क्रशरच्या तोंडाशी उभे राहिले. शेवटी शेवटी त्यांना चार पायऱ्या चढवत नसत. पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो काढून स्पष्ट सांगितलं, छातीत दगडाची धूळ बसली आहे. मामा म्हणाला, "दमा हाय. त्यांच्या घरान्यातच हाय." बाबा गेले तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच रडला. मेल्या म्हशीला मणभर दूध. मग तेराव्याला, उपकार केल्यासारखं तोंड करून, त्याने माझ्या भावाला, भरतला, बाबांच्या जागी उभं केलं. आता भरतही खोकतो.

आई मामाची थोरली बहीण, हौसा. ती त्याच्यामागे लागली होती, क्रशरवर पाण्याचे फवारे बसव आणि माणसांना तोंडाला काहीतरी दे. दर वेळी मामाचं एकच, "बघू." मी स्वतः भरतला चांगला मास्क आणून दिला. मामाने तो पहिल्याच दिवशी काढायला लावला. मालकाचा भाचाच तोंड बांधून फिरायला लागला तर उद्या सगळे मागतील, म्हणाला.

आणि याच माणसाने गेल्या उन्हाळ्यात बंगल्याच्या मागे ज्वालामुखीसाठी खोली बांधली. सिमेंटची, बिनखिडकीची, दाराला रबराची पट्टी. आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात, म्हणजे सुकी मासळी, मसाला, कांदे, तांदूळ अशी चार महिन्यांची बेगमी करतात. मामाने ज्वालामुखीची आगोट भरली. सुकट, बोंबील, वाकट्या, सोडे, पोत्यांवर पोती. उरणच्या बाजारातल्या बायका त्याला लांबून ओळखायला लागल्या. जगबुडी आली तरी याला बोंबलाचं कालवण हवं.

सोबत खोकेच्या खोके मास्क आले. साधे नाहीत, पुढे गाळणी लावलेले, भारीतले. भरत ते उतरवायला गेला होता. त्याने भीत भीत विचारलं, "मामा, यातला एक घेऊ?"

"ते ज्वालामुखीसाठी हायत," मामा म्हणाला, आणि कुलूप लावलं.

भरतने हे घरी हसत हसत सांगितलं. सांगता सांगता त्याला खोकल्याची उबळ आली. त्या दिवसापासून मला मामाची किळस येते. मी ती लपवतही नाही.

पावसाळ्यात एकदा उघडीप पडली तेव्हा आई त्याला सांगायला गेली, "मासळीला ऊन दाखव रे, नायतर जाईल." आमच्यात शेंबड्या पोरालाही हे कळतं. मामा म्हणाला, "ती खोली उघडायची नसते, ताई. हवा शिरते." आई परत आली आणि म्हणाली, याची अक्कल पन त्याच कुलपात गेली.

भाऊबीज आली. मामाचं घर भरलेलं होतं, भावकी, सोयरे, खाणीवरची दोन-चार माणसं. मामा पाटावर बसला. आईने टिळा लावला, ओवाळलं. मामाने तबकात साडी ठेवली, भारी होती. आईने ती उचलून बाजूला ठेवली.

"साडी नको मना," ती म्हणाली. "त्या खोलीतले मास्क दे. सगले. खानीवरच्या मानसांना."

मामा हसला. "अगं ताई, ते..."

"मना ठावं हाय ते कशासाठी हायत. माझा नवरा गेला तवा तुझा ज्वालामुखी फुटला नव्हता. आता पोरगा खोकतंय."

ओवाळणी घातल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही, ही आमची रीत. आई तबक धरून उभी राहिली. खाणीवरची माणसं मान खाली घालून बसली होती, पण ऐकत होती. मामाने एकदा मामीकडे पाहिलं, एकदा भावकीकडे. कोणी त्याच्या मदतीला आलं नाही. शेवटी त्याने कमरेची किल्ली काढून तबकात टाकली.

दार उघडलं आणि सगळे मागे पळाले. पावसाळाभर कोंडलेली मासळी सडून आळ्या पडल्या होत्या, पोत्यांतून पाणी गळत होतं. ज्या खोलीत मामा दोन वर्षं काढणार होता, तिच्यासमोर तो दोन मिनिटं थांबला नाही. नाकाला रुमाल लावून अंगणात जाऊन ओकला. आई नाकाला पदर बांधून आत शिरली आणि एकेक खोका बाहेर ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच क्रशरवर जाऊन उभी राहिली, एकेकाच्या हातात मास्क देत. मामा गाडीतून उतरला नाही. काचेतूनच म्हणाला, "आनि उद्या खराच फुटला तर?"

"तर ये माझ्याकडं," आई म्हणाली. "तुला पन एक देईन."

फवारे अजून लागलेले नाहीत. आई त्याच्यामागे आहे आणि आता खाणीवरची माणसंही आहेत.

भरतने मास्क चढवला आणि लगेच ओढून खाली केला. "आये, सडल्या बोंबलाचा वास मारतंय."

आईने तो पुन्हा वर केला, त्याच्या कानामागे पट्टी नीट बसवली.

"मारू दे," ती म्हणाली. "वासानं आपल्या घरात अजून कोन मेला नाय."