काढीव तिथीचं अ‍ॅप

आईनं शब्द दिला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते, म्हणून पुढचं सगळं निस्तरणं माझ्या गळ्यात पडलं. जळोचीला आमच्या भाजी पिकवणाऱ्या बायकांचा गट आहे. पुण्यातली एक मोठी सोसायटी दर रविवारी त्यांच्याकडून भाजी घ्यायला तयार झाली होती. मागणी मात्र अ‍ॅपवरून येणार, आणि तिथं घरोघरी आयफोन. "महिन्यात करून दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आई म्हणाली, "माझी लेक करंल." लेकीला आधी विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

अ‍ॅप लिहिण्याचं मला काही वाटत नव्हतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते आठ दिवसांत तयार झालं, अँड्रॉइड फोनवर चालायलाही लागलं. घोडं अडलं ते पुढं. आयफोनसाठी अ‍ॅप बांधून मंजुरीसाठी त्या कंपनीकडं वर पाठवायचं तर मॅकच लागतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला तिथं कुणी उभं करत नाही. इंटरनेटवरून तासाच्या बोलीनं मॅक भाड्यानं मिळतो, तोही घेऊन पाहिला. आमच्या नेटवर माऊसचा बाण आत्ता हलवावा आणि त्यानं माझा चहा पिऊन झाल्यावर हलावं!

शेवटी इंदापूरचा मावसभाऊ आठवला. तो लग्नांचे फोटो काढतो, त्याच्याकडं मॅकचा लॅपटॉप आहे. आम्ही खुरपणीला करतात तशी सावड केली. मी त्याचे अल्बम लावून द्यायचे, त्यानं मला मॅक द्यायचा. पण लग्न असलं की मॅक त्याच्याबरोबर मंगल कार्यालयात जायचा, मोठ्या पडद्यावर नवरानवरी दाखवायला. म्हणून मी पंचांग घेऊन बसले आणि लग्नतिथी नसलेले दिवस शोधले. शेवटच्या आठवड्यातला गुरुवार मोकळा निघाला.

गुरुवारी इंदापूरला पोचले तर दुकानाला कुलूप. फोन लावला. पलीकडं सनई वाजत होती.

"कुठं हायस तू?"

"भिगवणला. लग्नात."

"आज तिथी न्हाय की पंचांगात!"

"काढीव हाय. गुरुजींकडनं काढून घेतलीया. निम्मी लग्नं आता अशीच लागत्यात, ठावं न्हाय व्हय तुला?"

ठाऊक होतं. माझ्या दोन चुलत बहिणींची लग्नं काढीव तिथीवरच लागली होती. भर रस्त्यात मी स्वतःला शिव्या घातल्या, थोड्या त्यालाही घातल्या, आणि भिगवणची एसटी धरली.

अक्षता पडल्या, स्टेजवर फोटोला रांग लागली, तेव्हा कुठं त्यानं मला पडद्यामागं नेलं. "रांग सरंपतूर मॅक तुझा," म्हणाला. मी फोनचं नेट जोडून बसले. दोनदा अ‍ॅप बांधायला लावलं, दोनदा लाल अक्षरांत चूक आली. ती दुरुस्त करून तिसऱ्यांदा लावलं. एक अनोळखी म्हातारी डोकावून म्हणाली, "पोरी, ती मशीन कुठं पळून चाललीया? आधी जेवून घे." ती खरंच पळून चालली होती, पण हे तिला काय सांगणार? नवरीकडचे शेवटचे पाहुणे स्टेजवर चढले तेव्हा अ‍ॅप वर गेलं. मला इतका आनंद झाला की मी त्या म्हातारीला गाठलं आणि तिच्या शेजारी बसून पोटभर जेवले.

शनिवारी सकाळी मंजुरी आली आणि दुपारपर्यंत मागण्यांचा पाऊस पडला. बहुतेकांना मेथी हवी होती. गटातली मेथी तर त्याच आठवड्यात बाजारात गेलेली. तशीच आईकडं धावले.

"आई, एवढी मेथी आणायची कुठनं?"

ती मला विहिरीपलीकडच्या तुकड्यात घेऊन गेली. लॅपटॉपमधून मान वर काढून मी महिन्यात एकदाही तिकडं फिरकले नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत मेथीच मेथी होती. महिनाभर तिनं मला एका शब्दानं 'झालं का गं?' म्हणून विचारलं नव्हतं, आणि मी मनातून तिच्यावर चिडले होते.

"ही कधी पेरलीस?"

"शब्द दिला त्याच दिशी," आई म्हणाली, आणि उपटायला खाली बसली.