मेश्राम सरांचा लाडका धडा

बायोलॉजीच्या स्टाफरूममध्ये किस्से कधी साठत गेले, कळलंच नाही. सक्करदऱ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात कुणी चहा ओतला, की एखादा निघतोच! बहुतेक मेश्राम सरांचे, आणि त्यातले निम्मे किण्वनाचे, म्हणजे फर्मेंटेशनचे. तो धडा सरांचा फार लाडका.

*

साखरपाण्यात यीस्ट घालून सरांनी बाटलीच्या तोंडाला फुगा लावला. फुगा हळूहळू टम्म झाला.

"सर, आतला ऑक्सिजन संपला तरी यीस्ट जगून राहिलं?" एका मुलीने विचारलं.

"जगून राहिलं ना! ग्लुकोज अर्धवटच तोडते, एनर्जी थोडीशीच भेटते. अर्धपोटी जगते, पण कुरकुर नाही करत!"

*

डिसेंबरच्या थंडीत सरांच्या बायकोचं, सुनंदावहिनींचं, इडलीचं पीठ काही फुगेना. सरांनी डबा सरळ लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला. नेमकं त्याच दिवशी इन्स्पेक्शन! साहेबांनी दार उघडलं.

"हे कोणतं कल्चर?"

"घरचं, सर!"

*

गॅदरिंगला शिक्षकांची धावण्याची शर्यत झाली. सर धापा टाकत बसले.

"पायाले ऑक्सिजन पुरला नाही, तरी थांबलो काय? स्नायूंनी लॅक्टिक ॲसिड बनवून काम भागवलं!"

"भागवलं जी," वहिनी म्हणाल्या, "पण नंबर तं शेवटचाच आला!"

*

मग वहिनींना फुफ्फुसांचा आजार झाला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावलेला होता. मास्क जरासा सरकवून त्यांनी सरांना विचारलं, "आज काय शिकवलं जी?"

"किण्वन."

"हवेबिगर जगते, ते? मले बी शिकवा ना."

सरांनी मास्क नीट बसवला. "ते यीस्टले जमते, सुनंदा," एवढंच म्हणाले, आणि बाहेर जाऊन खिडकीपाशी उभे राहिले.

त्याच आठवड्यात वहिनी गेल्या.

*

पुढच्या वर्षी तो धडा आला. "मॅडम, हा पीरियड तुम्ही घ्या ना," सर मला म्हणाले. मी घेतला. सर मागच्या बाकावर येऊन बसले.

एका मुलाने विचारलं, "मॅडम, माणूस गेल्यावर त्याच्या पेशी लगेच मरतात का?"

माझी नजर मागच्या बाकाकडे गेली. मागून सर उठले.

"नाही बेटा. मेंदूच्या लवकर जातात. स्नायूंच्या मात्र ऑक्सिजनशिवाय थोडा वेळ तग धरतात, ग्लुकोज तोडत राहतात." सरांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "हात बराच वेळ गरम राहते."



"लिहून घ्या," सर म्हणाले.