मामेसासरे आणि माझं यकृत

दारूचा थेंबही न चाखता दारूबद्दल जेवढं माझ्या बायकोच्या मामांना ठाऊक आहे, तेवढं म्हसळा तालुक्यातल्या सगळ्या पिणाऱ्यांना मिळूनही नसेल. मामा आयुष्यभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. हळदीच्या मांडवामागे पिणाऱ्यांची बैठक जमली की ते न बोलावता येऊन बसत, त्यांच्यातले शेंगदाणे खात आणि क्रिकेटचं समालोचन करावं तसं प्रत्येकाच्या पोटातलं सांगत. ही आता रक्तात उतरली. ही लहान मेंदूत पोचली, उठशील तर तोल जाईल. गडी उठे आणि खरोखरच खांबाला मिठी मारी. पिऊ नका, असं ते कधीच म्हणाले नाहीत. यकृताबद्दल मात्र नात्यातल्या कष्टाळू सुनेबद्दल बोलावं तसं बोलत. ते एका वेळी थोड्याच दारूचा निचरा करतं, त्याला घाई करून चालत नाही. एका नवरदेवाच्या चुलत्यानं तर बरगडीखाली हात ठेवून यकृताची रीतसर माफी मागितली होती.

मी हसायचो आणि प्यायचो. पुढे सकाळी हात थरथरू लागले, ते थांबवायलाही प्यायचो. एका दुपारी मामांनी मला अंगणात उन्हात उभं केलं, पापणी खाली ओढून डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरून येईना. मी घाबरून बायकोची शपथ घेतली, आजपासून थेंब नाही. तिला आनंद झाला. मामा चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"घरी सोडायची न्हाय, जावईबापू. अंगाला सवय झालीय. एकदम तोडाल तर जिवावर बेतंल. डॉक्टरांसमोर सोडा."

पुढच्याच एसटीनं त्यांनी मला इस्पितळात नेलं. पाच दिवस खाटेशी बसून राहिले. मला भिंतीवर खेकडे चढताना दिसत. मामा न हसता सांगत, मेंदू बिथरलाय, निवळंल. आणि चमच्यानं पेज भरवत.

मी वाचलो. यकृतही बरंचसं सावरलं. आभार मानायचे तेवढे राहून गेले होते. परवा गेलो, तेव्हा मामा ओटीवर सुपारी सोलत होते. माझं ऐकून घेतलं आणि खाली बघतच म्हणाले, "थोरल्या भावाला आम्हीच खोलीत कोंडला होता, दारू सुटावी म्हणून. तिसऱ्या दिवशी आचके आले, नि गेला. तवा सांगणारं कुणी न्हवतं."

मग त्यांनी विषय बदलला. शेतातलं भात कसं आहे, मुलीची परीक्षा कधी, विचारू लागले. मी एकेका प्रश्नाचं सावकाश उत्तर देत राहिलो. तिथून उठवत नव्हतं.