आवाज फुटलेल्या पोरांचे मास्तर

रघुनाथराव मास्तर माझ्या शिंप्याच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढले ते भांडतच. रस्त्यावर मागे लागलेल्या टवाळांना खडसावून ते आत आले, तेव्हा त्यांच्याबरोबर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. कमरेपर्यंत केस, ओठावर कोवळी लव आणि अंगात मास्तरांचाच ढगळ सदरा.

त्याला मी ओळखले. सगळ्या सोलापूरने ओळखले असते. नाटक कंपनीत नायिकेचे काम करणारा हाच तो. त्याच्या पदांना वन्समोअर देऊन लोकांचे घसे बसले होते. लहानपणीच कंपनीने त्याला बार्शीकडच्या खेड्यातून उचलले, मुलीसारखे वाढवले, अंग भरू नये म्हणून अर्धपोटी ठेवले. आणि ऐन मुक्कामात आवाज फुटला, तेव्हा त्याला धर्मशाळेत टाकून कंपनी पुढच्या गावाला गेली. फाटकी सतरंजीसुद्धा माणूस अशी टाकून जात नाही! चित्रकला शिकवणाऱ्या या मास्तरांनी ते ऐकले आणि त्याला घरी आणले.

"नाव काय रे बाळा?" मी टेप काढत विचारले.

"कुमुद," तो म्हणाला, आणि जीभ चावून, "सदाशिव."

बाकावरचे एक गिऱ्हाईक खिदळले. "आबा, झंपर शिवा की ह्याला!"

मास्तर वळले. "याचं नाटक पाहिलंत का?"

"व्हय की. लई टाळ्या दिल्या."

"मग त्याच हातांनी चपला उचला आणि चालू लागा."

माझे गिऱ्हाईक गेले आणि मला फार बरे वाटले.

"कॉलर ठेवू का पट्टी?" मी मास्तरांना विचारले.

"मला काय विचारता? घालणार तो आहे."

पोराला सांगता येईना. काय हवे, हे त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते. मास्तर बाकावर बसून राहिले. पुष्कळ वेळाने उत्तर आले, "पट्टी. आन् खिसा."

"खिशात काय ठेवणार?"

"असू द्या की."

लुगड्याला खिसा नसतो, हे मला तेव्हा सुचले.

पेठेतल्या वडीलधाऱ्यांना मात्र घाई फार. पोराला पुरुष करायचा म्हणून ते न्हावी घेऊन मास्तरांच्या दारात उभे राहिले; केस कापून त्याला तिथून थेट तालमीत न्यायचे होते.

"लोक काय म्हणतील, मास्तर?"

"इतकी वर्षं तिकीट काढून बघत होते, तेव्हा काही म्हणाले नाहीत ते!" मास्तरांनी दार अडवले. "केस त्याच्या डोक्यावर आहेत. त्याला वाटेल तेव्हा तो कापेल."

झाले! शिकवण्या तुटल्या, शाळेत तक्रार गेली, मास्तरांच्या घरी हळदीकुंकवाला बायका येईनात. त्या वडीलधाऱ्यांतले काहीजण आज मास्तरांच्या या गौरवग्रंथाच्या समितीत आहेत. "गोड लिहा, आबा," असे मला त्यांनीच सांगितले. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, गोड लिहिणे मला येत नाही. सदाशिव काही महिन्यांनी आपण होऊन न्हाव्याकडे गेला, एवढे मात्र लिहितो.

पुढे कंपनी पुन्हा गावात आली. नायिकेच्या कामाचा नवा मुलगा तापाने पडला, म्हणून मालक पेढे घेऊन मास्तरांकडे हजर! मी सदरे द्यायला गेलो होतो. मालक म्हणाले, "पदं पडद्याआडून दुसरा गाईल. याने नुसतं बोलायचं. टोप आहेच."

"त्याला विचारा," मास्तर म्हणाले.

"अहो, पोराला काय कळतंय? कुमुद, चल बाळ, तुझा शालू अजून तसाच ठेवलाय."

शालूचे नाव ऐकून पोराचा चेहरा हलला. रंगभूमीखेरीज त्याने दुसरे जग पाहिले नव्हते. तो मास्तरांकडे बघू लागला, तर मास्तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. मान हलवून खूणसुद्धा केली नाही त्यांनी.

"मला आदी सदाशिव म्हना," घोगरा, चिरका आवाज आला. "गायला आवडतंय मला. तुमी न्हाई आवडत."

मालक पेढ्यांसकट गेले. मग कुठे मास्तर खिडकीपासून वळले.

"आबा, तो हो म्हणाला असता तर हो?"

"तर काय केलं असतंत?"

"टांग्यात बसवून दिलं असतं. आणि रोज खेळाला जाऊन पुढं बसलो असतो. परत यावंसं वाटलं, तर ओळखीचं तोंड दिसावं म्हणून."

सदाशिव आज कापडाच्या दुकानात आहे. बायाबापड्यांना दाखवताना लुगडे स्वतःच्या खांद्यावर टाकून खुशाल हसतो, आणि कुणी हसले तर त्याला ते बोचत नाही. त्याच्यामागून असेच कितीतरी मुलगे मास्तरांकडे आले. आता बोलपट आले, कंपन्या बसल्या, तरी पोरांना आपल्या हौसेच्या साच्यात कोंबणारे आणि साचा फुटला की पोराला फेकणारे काही कमी झालेले नाहीत. कुणी बाप आहेत, कुणी मुकादम, कुणी समाजाचे पुढारी.

मास्तरांनी रागावू नये, प्रकृतीला सोसत नाही, असे वैद्य सांगतात. तेव्हा मंडळी, त्यांना निरोगी दीर्घायुष्य हवे असेल, तर ते नुसते देवाकडे मागून भागायचे नाही; वाढत्या पोरांशी नीट वागा. तेवढे जमत नसेल, तर त्यांच्या वाटचा राग आम्ही म्हातारे करू. मास्तर, तुम्ही खूप जगा.