डब्यातले खारे शेंगदाणे

गल्लीत भाजलेल्या खाऱ्या शेंगदाण्यांचा वास आला की मला सहस्रकुंडच्या धबधब्याजवळचा तो खडक आठवतो. पोरीला लातुरात क्लासला सोडलं, त्याच महिन्यात यांनी गळ्यात माळ घातली. दारू सुटली, मटण सुटलं. मग पहिल्यांदाच आम्ही दोघं फिरायला निघालो. ढाब्यावर बसायची वेळ येऊ नये म्हणून मी घरूनच धपाटे, भरीत आणि तोंडी लावायला खारे शेंगदाणे घेतले होते. त्या खडकावर बसून मी शेंगदाण्यांचा डबा उघडला आणि यांचा हात थांबला. "ते आत ठेव. याच्या वासानंच माझी संध्याकाळ व्हायची," म्हणत ते उठले आणि रस्त्याकडं चालू लागले. मी हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्या पोचल्याच नाहीत. कुठल्याही गावात दारू कुठं मिळते, हे यांना विचारावं लागत नसे. धपाट्यांना मुंग्या लागल्या तरी मी तशीच बसून होते. बऱ्याच वेळानं ते दोन काकड्या घेऊन आले. "लई लांब गेलो न्हाई," म्हणाले. मी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. काकडीचाच होता. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. अजूनही बाहेरून आले की चपला काढायच्या आधी ते माझ्याजवळ येऊन क्षणभर थांबतात.