टाकीला कान लावणारे काका

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

कांदिवलीला आमच्या चाळीमागे म्हशींचा तबेला होता आणि त्यामागे शेणाच्या गॅसची टाकी. ती सांभाळणारे काका रोज सकाळी आधी तिच्या लोखंडी झाकणाला कान लावायचे. "ऐक गो, बोलते आहे."

मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मलाही कान लावायला लावलं. आत कुणी चूळ भरत असल्यासारखा आवाज. झाकण कोमट, जनावराच्या पोटासारखं. मी दचकून मागे झाले.

विहिरीसारख्या खड्ड्यात शेण आणि घराघरांतला ओला कचरा कुजायचा. गॅस साठला की वरचं ते अवजड झाकण आपोआप उचललं जायचं. हात कुणाचाच नाही. काकांनी नळीला जोडलेली शेगडी पेटवली. उन्हात ज्योत दिसतच नव्हती. धूर नाही, राख नाही, आणि पातेल्यातलं पाणी खदखदत होतं.

"घाबरतेस काय? टाकी काही ठेवून घेत नाही. टाकाल ते परत देते."

आम्ही बायका रोज सकाळी कचऱ्याची बादली नेऊन द्यायचो. ओतण्याआधी काका आत बघायचे आणि आमच्या घरातलं आम्हालाच सांगायचे. "वैनी, भात करपला?" "पाहुणे गेले वाटतं?" बायका हसायच्या, पण परतताना पदर घट्ट ओढून घ्यायच्या.

त्या श्रावणात ह्यांचं काम सुटलं. दोन दिवस चूल पेटली नाही. रिकामी बादली नेली तर चाळीला कळेल, म्हणून पहाटे अंधारातच शेजारच्या मेरीबायच्या दारातल्या बादलीतून चार मुठी उचलल्या.

काकांनी माझ्या बादलीत बघितलं. बघतच राहिले. मीही वाकले. वरच कोळंबीची सालं! आमच्याकडे श्रावणात मासळी उंबरा ओलांडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

"काय हो काका, हिच्याकडे काय निघालं?" मागून एकीने विचारलं.

"दोडक्याची सालं," काका म्हणाले आणि बादली पालथी केली.

दुपारी ते स्वतः माझी बादली घेऊन दारात आले. तळाशी केळीच्या पानात वीस रुपये.

"काका, हे कसं घेऊ?"

"टाकीने दिलेत. जमेल तसे टाकीला परत कर."

पुढे ह्यांना काम मिळालं. मी दर शनिवारी बादलीच्या तळाशी एक रुपया ठेवायची. काका तो उचलायचे. एकोणीस झाले, आणि एका सकाळी झाकणापाशी कुणीच नव्हतं. काका झोपेतच गेले, असं तबेल्यातल्या गवळ्याने सांगितलं. त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

त्यानंतर झाकण वर येईना. गवळी रोज शेण घालायचा, तरी ते खालीच बसलेलं.

शनिवारी मी गेले. राहिलेला रुपया केळीच्या पानात गुंडाळून टाकीच्या तोंडात सोडला आणि झाकणाला कान लावला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग आत कुणीतरी चूळ भरली, आणि झाकण माझ्या गालासकट बोटभर वर आलं.

वीस पूर्ण फिटले.