हवामान्याचा तिसरा लाल फलक

तंबाखू उत्पादक संघाच्या कचेरीत तीन फलक होते: हिरवा, पिवळा आणि लाल. सकाळी नऊच्या आत त्यातला एक दारावर टांगायचा, एवढ्यासाठी हवामान्याला पगार मिळत असे. हे नाव त्याला शेतकऱ्यांनी दिलं होतं. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे तपासायच्या भानगडीत तो सतरा वर्षांत पडला नव्हता.

सगळा प्रश्न निळ्या बुरशीचा. दक्षिणेच्या खोऱ्यात ती दरवर्षी कुठे ना कुठे असतेच. आजारी पानाखाली रात्री निळसर लव धरते, सकाळी हवा कोरडी होऊ लागली की तिचे बीजाणू सुटतात. ऊन असेल तर वाटेतच मरतात. आभाळ भरलेलं असेल तर मात्र ढगांच्या सावलीतून शेकडो किलोमीटर तरंगत येतात आणि ओल्या पानावर उतरतात. कचेरीच्या गच्चीवर एका खांबाला व्हॅसलीन फासलेली काचपट्टी अडकवलेली असे. ती रोज उतरवायची, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायचे, वारा आणि ढग बघायचे आणि फलक ठरवायचा. लाल म्हणजे लगेच फवारणी.

या हंगामात त्यानं दोनदा लाल फलक लावला. दोन्ही वेळा दुपारी कडकडीत ऊन पडलं. लोकांनी फवारण्या केल्या, पाठी मोडून घेतल्या आणि बुरशी काही आली नाही.

कचेरीच्या दक्षिणेला दोनशे पावलांवर त्याच्या थोरल्या मेहुण्याचे रोपांचे वाफे होते. तीस शेतकरी तिथूनच रोपं नेत. तिसऱ्यांदा लाल फलक लागला तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावोजी, फार बरं झालं. तुमचा लाल फलक लागला की आम्ही धुणं वाळत घालतो."

फवारणी कुणीच केली नाही.

पण काचपट्टीवर खरंच नऊ बीजाणू होते. वारा दक्षिणेचा, आभाळ भरलेलं. पाठ्यपुस्तकात छापावं असं चित्र. दोन दिवसांनी वारा फिरला, उत्तरेकडून वाहू लागला. तरी बीजाणू कमी व्हायच्या ऐवजी चौदा झाले. शहाणा माणूस इथे थांबला असता. हवामान्यानं नकाशा काढला. वारा टेकडीला वळसा घालून मागे येतो, असा एक वाकडा बाण त्यात होता. तो बाण त्याला इतका आवडला की त्यानं तो दोन रंगांत गिरवला.

आठव्या दिवशी दुपारी त्याची बायको गच्चीवर शिवणाचं कापड वाळत घालत होती. ती दोघं कचेरीच्या वरच्याच मजल्यावर राहत.

"अहो, या कुंडीतल्या पानांवर पिवळे डाग पडलेत. पाणी जास्त होतंय का?"

कुंडी त्यानंच आणली होती. पंधरा दिवसांपूर्वी प्रशिक्षणासाठी तो दक्षिणेच्या खोऱ्यात गेला होता. तिथे कुणीतरी त्याला पांढऱ्या सुवासिक फुलांचं एक शोभेचं झाड दिलं, तंबाखूचंच भाऊबंद. ते त्यानं गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवलं होतं. खांबाच्या बुडाशी. काचपट्टीच्या चार हात खाली.

त्यानं एक पान उलटलं. निळसर लव, मखमलीसारखी दाट.

आठ दिवस तो आभाळाकडे बघून तिची वाट शोधत होता. ती त्याच्या मांडीवर बसून बसनं आली होती. पानं चुरगळू नयेत म्हणून त्यानं खिडकीजवळची जागासुद्धा मागून घेतली होती.

त्यानं झाड मुळासकट पिशवीत कोंबलं, तोंड घट्ट बांधलं आणि पायरीवर बसला. कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण सहा दिवस वारा उत्तरेचा, ऊन नाही, वाऱ्याच्या वाटेतच मेहुण्याचे ओले वाफे, आणि रोपं उद्या तीस शेतांत जायची होती.

"दादाला सांगणार ना?" बायकोनं विचारलं.

"सांगतो. जरा नीट शब्द सापडू देत."

"तोवर रोपं गाडीत चढतील."

मेहुणा पाइपनं पाणी देत होता. रोपं ठरवायला आलेले पाचसहा जण बांधावर बसले होते.

"दादा, उद्या रोपं देऊ नका."

"फलक बघितला आम्ही. छान लाल आहे."

"बुरशी वाऱ्यानं आली नाही. मी आणली. कुंडीत घालून, बसमधून."

पाइपचं पाणी एकाच जागी पडत राहिलं.

"मांडीवर घेऊन?" बांधावरच्या चष्मेवाल्या काकांनी विचारलं.

"मांडीवर."

"खिडकी उघडी होती?"

"होती."

"मग वाटेतल्या लोकांनाही थोडी थोडी वाटली असेल."

सगळे हसले. मेहुणा हसला नाही. त्यानं पाइप खाली टाकला आणि कचेरीकडच्या पहिल्या वाफ्याशी गुडघे टेकून पानं उलटू लागला.

"तुमचा विश्वास बसला?" हवामान्यानं चाचरत विचारलं.

"सतरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही 'शक्यता आहे' म्हणाला नाहीत."

दुसऱ्या वाफ्याच्या कोपऱ्यात, परातीएवढ्या जागेत, पिवळे डाग होते. खाली तीच लव. मग कुणी हसलं नाही. अंधार पडायच्या आत सगळ्यांनी मिळून तीन वाफे उपटले आणि खड्ड्यात पुरले. उरलेल्या नऊ वाफ्यांवर फवारणी केली. रोपं दहा दिवस रोखायची ठरली. कुणी कुरकुर केली नाही, याचंच हवामान्याला जास्त ओझं वाटलं. दारावरच्या लाल फलकाखाली त्यानं खडूनं लिहिलं: 'उगम: निरीक्षकाची गच्ची.' अक्षर मुद्दाम मोठं काढलं, नाहीतर आपण ते बारीक काढू याची त्याला खात्री होती.

दहा दिवस तो सकाळ-संध्याकाळ वाफ्यांत ओणवा होऊन पानं उलटत राहिला. नवा डाग सापडला नाही.

अकराव्या दिवशी पहिली ट्रॉली भरली, तेव्हा मेहुण्यानं त्यालाच हाक मारली. "भावोजी, तुम्ही बघून सांगा. मगच हलू."

त्यानं प्रत्येक खोक्यातली पानं उलटून पाहिली. तासभर लागला. गाडी चालू करून ठेवा, असंसुद्धा कुणी म्हणालं नाही. फक्त चष्मेवाल्या काकांनी त्याला आधी बांधाबाहेर उभं करून शर्ट झटकायला लावला होता.